सौदा सात वर्षांचा, बढती तीन वर्षांची

गणपतीत भाचा घरी आला होता. नुकताच सीए झालाय, मुंबईच्या एका रिअल इस्टेट फंडात ॲनालिस्ट म्हणून लागलाय, रुजू व्हायला अजून महिना आहे. रात्रीची आरती झाली, पाहुणे पांगले, आणि झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसत त्यानं विचारलं, "मामा, डील लीड करायला किती वर्षं लागतात?"

"दहा-बारा," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली, विषय मिटला. मला मात्र झोप येईना. उत्तर खोटं नव्हतं, पण ते 'बडोद्याहून मुंबई किती तास' या धर्तीचं होतं. गाडीत बसून राहिलं की स्टेशन येणारच, असं त्यात धरलेलं होतं. या धंद्यात बारा वर्षं गाडीत बसलेले आणि एकही सौदा स्वतःच्या जोरावर न केलेले लोक मी पाहिलेत. म्हणून हे सविस्तर लिहितोय. भाच्यासाठी लिहितोय, आणि बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या ज्या आईवडिलांना "मुलगा नक्की करतो काय?" याचं उत्तर देताना पंचाईत होते त्यांच्यासाठीही. 'बिल्डरला पैसे देतो' म्हटलं की सावकारी वाटते, 'गुंतवणूक करतो' म्हटलं की समोरचा पॉलिसी विकायला आलाय असं समजून पाणी आणायला उठतो.

आधी धंदा

आपल्या गावाला बँक लवकर कळली. सयाजीरावांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली. बँकेचा हिशेब सरळ असतो. तारण घ्यायचं, कर्ज द्यायचं, व्याज घ्यायचं. बिल्डरला दुप्पट नफा झाला तरी बँकेला ठरलेलंच व्याज. रिअल इस्टेट प्रायव्हेट इक्विटीचा फंड याच्या उलट, भागीदार होऊन बसतो. नफ्यात वाटा घेतो आणि बुडीतही सोसतो. काही फंड अर्धे सावकार अर्धे भागीदार असतात, ते पुढे येईल.

पैसा फंडाचा स्वतःचा नसतो. पेन्शन फंड, विमा कंपन्या, श्रीमंत घराणी यांच्याकडून तो गोळा करतात. त्यांना एलपी म्हणायचं, आणि जो गोळा करून गुंतवतो तो जीपी. भारतात असे बहुतेक फंड सेबीच्या २०१२ च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) नियमांखाली दुसऱ्या वर्गात नोंदवलेले असतात, आणि तिथे एका गुंतवणूकदाराला किमान १ कोटी घालावे लागतात. फंडाला आयुष्य असतं. साधारण सात-आठ वर्षं. पहिली तीन-चार वर्षं पैसे लावायचे, उरलेली सोडवून घ्यायला. जीपीला वर्षाला दोनेक टक्के फी मिळते, आणि एलपींना ठरलेला किमान परतावा मिळाल्यावर वरच्या नफ्यात बहुधा वीस टक्के वाटा. या वाट्याला कॅरी म्हणतात. सगळ्यांचा डोळा त्यावर.

आता यातली गोम पाहा. सौदा पिकायला पाच ते सात वर्षं लागतात. बढती मात्र तीन-तीन वर्षांनी मिळते. ॲनालिस्टचा असोसिएट होतो, असोसिएटचा व्हाइस प्रेसिडेंट होतो, आणि त्यानं पहिल्या वर्षी ज्या सौद्याचे आकडे मांडले तो सौदा अजून झाडावरच असतो. कैरी गोड निघणार की आंबट हे कळायच्या आत झाड लावणाऱ्याचा सत्कार झालेला असतो. मग बढती देणारे बघतात काय? हा खरा प्रश्न. 'किती वर्षं' याला उत्तर आहे, पण त्याचा काही उपयोग नाही.

पदव्यांबद्दल एवढंच सांगतो. ॲनालिस्ट, असोसिएट, व्हाइस प्रेसिडेंट, मग डायरेक्टर किंवा प्रिन्सिपल, मग मॅनेजिंग डायरेक्टर किंवा पार्टनर. प्रत्येक ठिकाणी नावं थोडी बदलतात. मी व्हाइस प्रेसिडेंट झालो तेव्हा सासऱ्यांनी पेढे वाटले आणि विचारलं, "आता प्रेसिडेंट व्हायला एकच पायरी ना?" ऑफिसात त्या वेळी आम्ही अकरा व्हाइस प्रेसिडेंट होतो, आणि प्रेसिडेंट नावाचं पदच नव्हतं.

एका खान्यातले चौदा कोटी

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला म्हटलं, गावातली कुठलीही एक इमारत निवड आणि तू ती फंडासाठी विकत घेतोयस असं समजून हिशेब मांड. तो ॲक्टिव्हा काढून वासणा-भायली रोडला गेला, एक सात मजली ऑफिस इमारत पसंत केली, एका दलालाशी बोलला, आणि संध्याकाळपर्यंत एक्सेल तयार. आकडे थोडे ऐकीव, थोडे अंदाजाचे आहेत; बाजारभाव म्हणून कुणी वापरू नयेत. पण गणित शिकायला चांगले आहेत.

भाड्यानं देण्याजोगी जागा १ लाख चौरस फूट. भाडं फुटाला महिना ४५ रुपये. म्हणजे महिन्याला ४५ लाख, वर्षाला ५ कोटी ४० लाख. दहा टक्के जागा रिकामी राहील असं धरून त्यातले ५४ लाख कमी केले. मालमत्ता कर, विमा, मालकाच्या वाट्याची देखभाल असे ३६ लाख. हातात राहिले ४ कोटी ५० लाख. किंमत त्यानं धरली ५० कोटी. साडेचार भागिले पन्नास, नऊ टक्के. याला कॅप रेट म्हणतात. इमारत आज जे देते ते तिच्या किमतीच्या किती टक्के, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे भाडेकरारात बहुधा दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ लिहिलेली असते. वर्षाला पावणेपाचच्या आसपास, हिशेबाला पाच धरू. पाच वर्षांनी साडेचारचे ५ कोटी ७४ लाख होतील. तेव्हा इमारत विकायची. कितीला? पुढचा घेणारा नऊ टक्के मागेल असं धरलं तर ६३.८ कोटी. आठ टक्क्यांवर राजी झाला तर ७१.८ कोटी. दहा मागितले तर ५७.४ कोटी. एका खान्यात आठच्या जागी दहा टाइप केलं की चौदा कोटींहून जास्त रक्कम नाहीशी होते. त्या खान्यात काय लिहावं हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही, कारण पाच वर्षांनंतरच्या एका अनोळखी माणसाच्या मनात काय असेल असा तो प्रश्न आहे.

मग भाच्यानं कर्ज घातलं. परदेशी अभ्यासक्रमात शिकवतात की कर्ज घातलं की परतावा फुगतो. इमारतीच्या भाड्यावर बँका कर्ज देतात, त्याला एलआरडी म्हणतात. त्यानं २५ कोटी साडेनऊ टक्क्यांनी धरले. व्याज झालं २ कोटी ३७ लाख ५० हजार. साडेचारातून ते वजा केलं तर उरले २ कोटी १२ लाख ५० हजार, आपल्या २५ कोटींवर साडेआठ टक्के. कर्जाविना नऊ मिळत होते! इमारत नऊ टक्के देते आणि बँक साडेनऊ मागते, तर उसना पैसा दरवर्षी आपल्यालाच खातो. परतावा आला तर भाडेवाढीतून आणि विक्रीच्या किमतीतून येणार, कर्जाच्या जोरावर नाही. भाचा दहा मिनिटं एक्सेलमध्ये चूक शोधत होता. चूक नव्हती.

आणखी एक गणित, सगळ्यात महत्त्वाचं. पैसे तीन वर्षांत दुप्पट झाले तर वार्षिक परतावा २६ टक्के. पाच वर्षांत झाले तर जेमतेम १५. सात वर्षं लागली तर साडेदहाच्याही आत. नफा तोच, रुपया न् रुपया तोच. वेळ गेला की परतावा जातो. वार्षिक परताव्याचा आयआरआर नावाचा जो आकडा हे लोक दिवसभर जपतात तो मुळात घड्याळाचा आकडा आहे.

आमच्या वाड्याचं घड्याळ

हे मला फंडात कळलं नाही, घरी कळलं. रावपुऱ्यात आमच्या आजोबांचा वाडा होता. घेणारा तयार, भाव ठरलेला, बयाणा द्यायचा दिवस काढलेला. वकिलानं पेढीनामं मागितलं, म्हणजे वारसांची यादी. ती करताना निघाली ग्वाल्हेरला दिलेली एक आत्या. आत्या गेलेली, तिची तीन मुलं, त्यातला एक परदेशात, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींचा हक्क मुलांइतकाच, २००५ च्या दुरुस्तीनं तो आणखी पक्का केला, पण जुन्या घरांतले कागद लिहिताना बहिणींना कुणी मोजलेलंच नसतं. शेवटची सही मिळायला चार वर्षं लागली. घेणारा भला माणूस, तोच भाव दिला. काका खूश झाले की काही नुकसान झालं नाही. मी १२ टक्क्यांनी मोजून पाहिलं: रुपयाचे चौसष्ट पैसे झाले होते. काकांना सांगितलं नाही.

ड्यू डिलिजन्स म्हणतात ते हेच, मोठ्या प्रमाणावर. वकील तीस-तीस वर्षांचे कागद चाळतात, इंजिनियर खांब ठोकून बघतात, सीए पावत्या जुळवतात. असोसिएटच्या वयात माणूस या सगळ्यांच्या मागे धावत असतो. आणि इथे बडोद्याच्या पोराला एक फायदा आहे ज्याची त्याला कल्पना नसते. जमिनीची भाषा त्यानं घरात ऐकलेली असते. सात-बारा, आठ-अ, फेरफाराची नोंद. जमीन जुन्या शरतीची की नव्या शरतीची? नव्या शरतीची असेल तर विक्रीवर बंधनं असू शकतात, कलेक्टरची परवानगी आणि प्रीमियम लागू शकतो. एनए, म्हणजे बिनशेती, झालीय का? टीपी पडलीय का?

टीपीचं जरा खोलात सांगतो, कारण इथे हुशार माणसं आपटतात. गुजरातेत १९७६ च्या कायद्यानं टाउन प्लॅनिंग स्कीम आखल्या जातात. सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळांची जागा काढायची, आणि उरलेली चौकोनी करून परत द्यायची. तिला फायनल प्लॉट म्हणतात, बोली भाषेत एफपी. यात मूळ जमिनीतला बराच भाग जातो, कधी चाळीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे सात-बारावर १० हजार चौरस मीटर दिसतात, आणि हातात येतील कदाचित ६ हजार, त्याही दुसऱ्या कोपऱ्यात. मुंबईत बसून कुणी १० हजारावर एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल त्याचं प्रमाण) लावला, तर मॉडेल पहिल्याच ओळीत खोटं. शिवाय जंत्री, म्हणजे सरकारनं ठरवलेले मालमत्तेचे दर. १५ एप्रिल २०२३ पासून गुजरात सरकारनं जमिनीचे जंत्रीचे दर दुप्पट केले, आणि ज्यांच्या हिशेबात मुद्रांक शुल्क आणि प्रीमियम जुन्या दरानं लिहिलेले होते त्यांना सगळं पुन्हा मांडावं लागलं.

कोठीवरच्या सरकारी कचेरीत ज्यानं एखादी दुपार काढलीय त्याला 'परवानग्या: सहा महिने' हा खाना भरताना हात अडखळतो. अडखळायलाच हवा.

मांडव उठल्यावर आलेला माणूस

मी या धंद्यात २००९ साली आलो. म्हणजे मांडव उठल्यावर. त्याआधी काय झालं होतं? मार्च २००५ मध्ये सरकारनं बांधकामात परदेशी गुंतवणूक मोकळी केली. अटी होत्या: किमान ५० हजार चौरस मीटर बांधकाम, आणि मूळ गुंतवणूक तीन वर्षं बाहेर काढायची नाही. पैसा लोटला. २००६ ते २००८ मध्ये फंड बिल्डरांच्या कंपन्यांत भागीदार झाले, बहुतेक ठिकाणी जमिनीच्या चढ्या भावानं. मग २००८ चं जागतिक संकट आलं. पुढे काय झालं ते या धंद्यातल्या जुन्या माणसाला विचारलं तर तो विषय बदलतो. परवानग्या रखडल्या, एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्यात गेले, भागीदाराच्या हातात हिशेब आणि आपल्या हातात फक्त मतदानाचा हक्क. २००७ च्या सौद्यांवर लोकांना २०१० च्या सुमारास बढत्या मिळाल्या, आणि बऱ्याच सौद्यांचा निकाल लागला २०१३-१४ मध्ये. तोपर्यंत सौदा करणारे निम्मे दुसरीकडे गेलेले.

मला नवा सौदा कुणी दिला नाही. मला दिले गेले दुसऱ्यांचे जुने सौदे, पैसे सोडवून आणायला. याला ॲसेट मॅनेजमेंट म्हणतात, आणि तरुण पोरांना ते दुय्यम काम वाटतं. मलाही वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी रडकुंडीला आलो होतो. बरोबरचे पोरगे टर्मशीट, म्हणजे नव्या सौद्यांच्या अटी, लिहीत होते आणि मी एका गावाबाहेर अर्धवट बारा मजल्यांखाली उभा राहून सिमेंटची पोती मोजत होतो. पण त्या तीन वर्षांत एक गोष्ट रोज करायला मिळाली जी टर्मशीटवाल्यांना मिळत नव्हती: सौदा मंजूर करून घेताना लिहिलेला तीन-चार वर्षांपूर्वीचा मेमो उघडायचा आणि प्रत्यक्षाशी ताडून बघायचा. 'विक्रीचा वेग: महिन्याला २० फ्लॅट.' प्रत्यक्षात चार. 'भागीदाराचा अनुभव: भक्कम.' भागीदार फोन उचलत नाही. कुठलं वाक्य कसं खोटं पडतं हे एकदा पाहिलं की स्वतः तसं वाक्य लिहिताना पेन थांबतो.

स्वतःचा सौदा पिकायला सात वर्षं थांबणं कुणाच्या हातात नाही. दुसऱ्याच्या सौद्याच्या सातव्या वर्षी काम करता येतं. भाच्याला मी हेच सांगितलं की रुजू झाल्यावर जुन्या फाइली माग. नवीन सगळेच मागतात.

या पडझडीतूनच धंद्याचं रूप बदललं. फंड भागीदारीऐवजी डिबेंचर, म्हणजे कर्जरोखे, घेऊ लागले. किमान व्याज ठरलेलं, तारण हातात, वर नफ्यात थोडा वाटा. हेच ते अर्धे सावकार. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१६ चा रेरा कायदा आला, घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायची सक्ती झाली, आणि इंजिनियर, आर्किटेक्ट, सीए या तिघांच्या दाखल्याशिवाय ते काढता येईनात. २०१८ मध्ये आयएलअँडएफएस ही बडी वित्तसंस्था कोसळली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचा हात आखडला. एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट (भाड्याच्या इमारती धरून त्यांचे वाटे विकणारा ट्रस्ट) शेअर बाजारात आला. त्यानं एक नवं दार उघडलं. भाड्याच्या इमारती विकायला आता कुणा एका धनिकाची वाट पाहायला नको, हजारो लोकांना तुकडे विकता येतात. २०२४ मध्ये सेबीनं लहान रीटचे नियम केले, ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी, किमान २०० गुंतवणूकदार, एकेकाचे किमान १० लाख. म्हणजे भाच्याची भायलीची इमारत, ५० कोटींची, काठावर का होईना पण बसते. कागदावर.

फुटाला किती सुटतात

आता खुर्ची बदलण्याबद्दल. व्हाइस प्रेसिडेंट झालो तरी मी सौदा चालवत नव्हतो, सौद्यामागे पळत होतो. फरक मला एका बैठकीत कळला. गाव सांगत नाही. बिल्डरच्या ऑफिसात आम्ही पाच जण, बशीत ओतलेला चहा, आणि त्याच्या पुढ्यात मोठ्या बटणांचा जुना कॅल्क्युलेटर. आमच्या टर्मशीटची चौदा पानं त्यानं बाजूला सारली आणि म्हणाला, "हे वकील बघतील. मला सांगा, फुटाला मला किती सुटतात?"

माझ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाणी प्यायला पेला उचलला. मुद्दाम. मला आयआरआर पाठ होता, दोन दशांश स्थळांपर्यंत. फुटाला किती, हे मी कधी काढलंच नव्हतं. कॅल्क्युलेटर ओढून घेतला आणि त्याच्यासमोर गणित केलं. आमचा किमान परतावा, फी, उशिराचा दंड सगळं वजा करून. आकडा आला तो त्यानं आधीच मनात काढलेल्या आकड्यापेक्षा कमी होता. तो म्हणाला, एवढ्यात जमणार नाही. मग पुढचे तीन तास एकाच कलमावर गेले: परवानगी उशिरा आली तर ते महिने कुणाच्या खात्यात. रात्री साडेदहाला ठरलं की पहिले सहा महिने दोघांचे, त्यापुढचे त्याचे. ही तडजोड साहेबांना न विचारता मी मान्य केली, आणि जिना उतरताना गुडघे लटपटत होते. दुसऱ्या दिवशीपासून बिल्डरचा फोन साहेबांना न येता मला येऊ लागला.

डील लीड करणं म्हणजे काय असं कुणी विचारलं तर मी हा फोन सांगतो. फंडाची इन्व्हेस्टमेंट कमिटी आयआरआरमध्ये बोलते, बिल्डर फुटात बोलतो, वकील कलमांत, एलपी त्रैमासिक अहवालात. सगळ्यांच्या मधला दुभाष्या एकच असतो. तो जे कबूल करतो त्याला बाकीचे बांधले जातात, आणि पाच वर्षांनी जमलं नाही तर मेमोवर नाव त्याचं असतं.

कमिटीपुढचा मेमोही असाच. चांगल्या मेमोत सौदा का करावा हे असतंच. कमिटीतले जुने लोक शोधतात ते 'हा सौदा कशानं बुडेल' याची पानं. तिथे 'बाजारातील जोखीम' असं मोघम लिहिलं की ते चष्मा काढून ठेवतात. 'शेजारच्या सर्व्हे नंबरातून जाणारा १२ मीटरचा रस्ता टीपीत मंजूर नाही, तो न झाल्यास दुसऱ्या टप्प्याला प्रवेश राहत नाही' असं लिहिलं की ते पुढे सरकून बसतात. निकाल यायला वेळ असतो तेव्हा बढती देणाऱ्यांना मोजता येण्याजोगं एवढंच असतं: या माणसानं काय बघितलं, काय नाकारलं, आणि का. शंभर प्रस्ताव येतात त्यातले दोन-तीन होतात. म्हणजे माणसाचं बहुतेक काम नकारांत असतं, आणि नकाराची टिपणं बहुतेक जण ठेवत नाहीत. मी ठेवतो. 'न केलेले' नावाची फाइल आहे, प्रत्येक सौद्याचं अर्धं पान. तीन वर्षांनी उघडली की काही ठिकाणी हायसं वाटतं, काही ठिकाणी कपाळाला हात लागतो.

कॅरीबद्दल, कारण विचारणार आहातच. समजा १०० कोटी लावले, पाच वर्षांनी २०० आले, आणि एलपींचा किमान परतावा वर्षाला १० टक्के ठरलाय. १०० चे १६१ होईपर्यंत सगळं त्यांचं. उरलेल्या ३९ चे वीस टक्के म्हणजे ७ कोटी ८० लाख जीपीला. पण करारात कॅच-अप असेल, म्हणजे किमान परतावा दिल्यावर जीपीनं आपला वाटा आधी भरून घ्यायचा असं लिहिलं असेल, तर तोच आकडा २० कोटी होतो. एका कलमाचे १२ कोटी. त्यात तुमचा वाटा असोसिएटला बहुधा नसतोच, व्हाइस प्रेसिडेंटला बोटाच्या पेराएवढा, आणि तोही वर्षांवर्षांनी पक्का होत जाणारा. मधेच सोडलं तर किती राहील हे रुजू होतानाच्या कागदात बारीक अक्षरांत असतं. लोक पगार वाचतात, हे वाचत नाहीत.

शिरायच्या वाटा सांगून ठेवतो. सरळ कॉलेजातून फंडात जाणारे थोडे. बाकीचे मोठ्या ऑडिट कंपन्यांच्या डील विभागातून, मालमत्ता सल्लागार कंपन्यांतून, गृहकर्ज आणि बांधकाम-कर्ज देणाऱ्या संस्थांतून येतात. बिल्डरच्या फायनान्स खात्यातूनही येतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात लवकर तयार होतात, कारण त्यांनी टेबलाची दुसरी बाजू पाहिलेली असते. सौदे करणारी मंडळी बहुतेक मुंबईतच बसतात. गिफ्ट सिटीत फंड नोंदवले जातायत म्हणून ती सगळी उद्या गांधीनगरला येतील अशा भ्रमात राहू नये.

परत भायलीकडे. भाच्याच्या तक्त्यात 'रिकामी जागा: १० टक्के' असा खाना होता. विचारलं, कुठून आला? म्हणाला, सगळे दहाच धरतात. मी म्हटलं, संध्याकाळी साडेसातला जा, रस्त्याच्या पलीकडे उभा राहा आणि दिवे मोज.

तो गेला. सेव-उसळ खाऊन नऊला परतला. सातांतले तीन मजले जवळजवळ अंधारात होते. पण सांगायचं ते हे नव्हतं. दिवे मोजताना वॉचमननं हटकलं, तेव्हा यानं विचारलं की मालक कोण, भेटायचंय. वॉचमन हसला. "मालिक तो एकतालीस छे, भाई."

आपल्याकडे बिल्डर इमारत बांधतो आणि एकेक ऑफिस सुटं विकतो. कुणी डॉक्टर, कुणी व्यापारी, कुणी वलसाडला राहणारा निवृत्त माणूस ज्यानं भाडं येईल म्हणून घेऊन ठेवलंय. एक्केचाळीस सह्या, एक्केचाळीस पेढीनामी. फंडाला अशी इमारत घेता येत नाही, छोट्या रीटलाही नाही.

"दलाल काहीच बोलला नाही," भाचा म्हणाला.

"तू विचारलंस?"

त्यानं लॅपटॉप उघडला, एक्सेल बंद केलं आणि कोऱ्या पानावर वर तारीख घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्या त्या फाइलीत अर्ध्या पानात काय काय असतं, एक दाखव ना."